दुसरा ग्लास

शुभाने दुसरा ग्लास मागितला, आणि मोरेश्वरच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

मागितला तो निमिषकडे, आणि निमिषच्याच हातच्या बिअरचा. शॉमबर्गमधल्या त्याच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत, सगळ्यांदेखत, ग्लास पुढे करून ती म्हणाली, "अजून दे ना थोडी. काय मस्त वास येतोय, संत्र्याच्या सालीचा!" आता मोरेश्वर नागपूरचा. पुण्याच्या माणसाच्या ग्लासातल्या संत्र्याचं कौतुक नागपूरकराला ऐकावं लागणं हा अपमान झालाच, पण खरी गोम वेगळी होती. ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत शिकत होता तेव्हापासून मोरेश्वर घरी बिअर करायचा. शुभा लग्न होऊन तिथेच आली. दर वेळी पहिला ग्लास तो तिला द्यायचा. ती तीर्थ घ्यावं तसे दोन घोट घ्यायची, "छान झालीय" म्हणायची आणि ग्लास त्याच्या हातात परत द्यायची. मला बिअर फारशी आवडत नाही, असं ती सांगायची, आणि इतकी वर्षं या भल्या माणसाने ते खरं मानलं होतं.

आवडत होती की! फक्त नवऱ्याच्या हातची आवडत नव्हती. नावडतीचं मीठ अळणी, ही म्हण काय फक्त बायकांसाठीच केलीय?

बरं, निमिषला हे सगळं शिकवलं कोणी? नवखा होता तेव्हा विमानतळावरून त्याला घरी आणलं मोरेश्वरने. पहिल्या हिवाळ्यात कोट घेऊन दिला मोरेश्वरने. माल्टचं धान्य कसं भिजवायचं, यीस्ट केव्हा घालायचं, तयार बिअर केगमध्ये, म्हणजे त्या स्टीलच्या लांबट पिंपात भरून तिला गॅस कसा लावायचा, हे सगळं तो शिकला ते मोरेश्वरच्या गराजमध्ये, मोरेश्वरच्याच मोडक्या खुर्चीवर बसून. आणि आता लोक विचारत होते, "निमिषची बिअर असेल ना पार्टीला?" निमिष प्रत्येकाला सांगायचा की दादाने शिकवलं. पण ते लोक ऐकून सोडून द्यायचे.

यथावकाश निमिषने घर घेतलं. मोरेश्वर अजून शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेल्या टाउनहाउसमध्येच होता, तरी घराचं त्याला काही वाटलं नाही. खरंच नाही. माणूस एका वेळी एकाच गोष्टीवर मन लावून जळू शकतो, आणि त्याचं जळणं त्या एका ग्लासाभोवती चाललं होतं.

वास्तुशांत शुक्रवारी सकाळी झाली आणि पार्टी रविवारी ठेवली होती. पूजेला घरचीच माणसं: निमिष, त्याची बायको राधिका, पुण्याहून आलेली त्याची आई, म्हणजे काकू, आणि मोरेश्वर-शुभा. पूजा यथासांग पार पडली, पण दुधाने घोळ केला. नव्या घरात दूध तापवून ते उतू जाऊ द्यायचं, म्हणजे घर भरलेलं राहतं. पण शेगडी नवी कोरी, काचेची. दूध कडेला आलं आणि राधिकेने झटकन पातेलं उचललं.

"अगं, उतू जाऊ द्यायचं असतं!" काकू ओरडल्या.

"आई, काच क्रॅक होईल ना. आणि अलार्म वाजला तर फायर ट्रक येईल."

काकू जाऊन कोपऱ्यात बसल्या. म्हणजे फारच रागावल्या होत्या. पुरणपोळीसुद्धा त्यांनी अर्धीच खाल्ली.

जेवणं झाल्यावर निमिष मोरेश्वरला बेसमेंटमध्ये घेऊन गेला. कोपऱ्यातल्या फ्रिजमध्ये रविवारचा केग होता, भरलेला, गार, गॅस लावून तयार. निमिषने थोडी बिअर ओतली. मोरेश्वरने घोट घेतला. चव उत्तम होती. वास मात्र नव्हता.

"बघ ना दादा, डल वाटतेय यार. संत्रं येतच नाहीये. ड्राय-हॉप करायला विसरलो घराच्या गडबडीत. आता घातले हॉप्स तर रविवारपर्यंत वास उतरेल ना?"

त्याच्या हातात हॉप्सची पिशवी होती. हॉप्स म्हणजे एक फूल, बिअरला वास देणारं. वाळवून, दाबून त्याच्या हिरव्या गोळ्या करतात, गुरांच्या पेंडीच्या असतात तशा. निमिष आजवर त्या गॅस लावायच्या आधी घालत आला होता. गॅस भरलेल्या केगमध्ये घालायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच येत होती.

मोरेश्वरवर ती येऊन गेली होती. ॲन आर्बरच्या स्वयंपाकघरात त्याने अशाच भरलेल्या केगमध्ये मूठभर गोळ्या टाकल्या होत्या आणि बिअर छताला जाऊन लागली होती. बिअरमध्ये दडलेला गॅस त्या खरखरीत गोळ्यांवर एकदम सुटतो, आणि मग जे वर येतं ते झाकणाच्या बापाला आवरत नाही. टाकायच्याच असल्या तर आधी दाब हळूहळू सोडायचा, गोळ्या मलमलच्या पुरचुंडीत बांधायच्या आणि दोऱ्याने बेताबेताने आत सोडायच्या. हे त्याला पुढे कळलं. निमिषला त्याने सगळं शिकवलं होतं, एवढं सोडून. स्वतःची फजिती कोण शिकवतो?

"सरळ टाकू ना?" निमिषने झाकण उघडत विचारलं.

मोरेश्वरच्या जिभेवर 'थांब' आलं होतं, नाही असं नाही. पण त्याच वेळी वरून शुभाचा आवाज आला, "निमिष, रविवारी ती संत्र्याचीच आहे ना रे?" आणि मोरेश्वरला आपल्या गराजमधला केग आठवला. भरलेला. ही बिअर गेली तर रविवारी लोक कोणाची पिणार? शुभा कोणाची पिणार?

"टाक की," तो म्हणाला. "काय होतंय?" आणि दोन पावलं मागे सरला.

निमिषने पिशवी उपडी केली. क्षणभर काही झालं नाही. मग आतून फुसफुसल्याचा आवाज आला, आणि हिरवट पांढरा फेस खांबासारखा वर उठला. छताला लागला, दिव्याला लागला, निमिषच्या नव्या झब्ब्यावरून ओघळला, नव्या कार्पेटवर पसरला. निमिष झाकण घेऊन त्याच्याशी झटत होता आणि "दादा! दादा!" करत होता. ते झाकण बसलं तेव्हा अर्धा केग बाहेर आला होता.

बायका धावत खाली आल्या. राधिका कार्पेट बघून मटकन पायरीवर बसली. काकूंनी छत पाहिलं, केग पाहिला, फेसात उभा असलेला मुलगा पाहिला, आणि दोन्ही हात जोडले.

"उतू गेलं गं बाई! उतू गेलं!"

"आई, ही बिअर आहे," निमिष म्हणाला.

"असू दे. वास्तूला काय कळतंय, दूध की बिअर? उतू गेल्याशी कारण." आणि सकाळपासून घुम्या बसलेल्या त्या बाई हळदीकुंकू घेऊन आल्या आणि केगला दोन बोटं लावून मोकळ्या झाल्या. निमिष हसायला लागला. मग राधिकाही हसली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, अशी मोरेश्वरची गत झाली. तोही हसला. हसावंच लागलं.

शुभा हसली नाही. ती छताकडे बघत होती. ॲन आर्बरचं छत स्टुलावर चढून तिनेच पुसलं होतं, नवी नवरी असताना. मग तिने मोरेश्वरकडे पाहिलं. निमिष चिंब भिजला होता, हा कोरडा होता.

"तू इथेच होतास?" तिने विचारलं.

"हो."

ती फडकं आणायला वर गेली.

घरी जाताना गाडी सिग्नलला थांबली. ती म्हणाली, "सांगणार आहेस का त्याला?"

"काय?"

"मोरेश्वर."

"सांगतो," तो म्हणाला. "रविवारी सांगतो."

रविवारी त्याने आपला केग गाडीत घालून नेला, पण तो डिकीतच राहिला. उतू गेल्यावर उरलेलं आधी संपवायचं, असा काकूंचा हुकूम होता. सुट्या गोळ्यांचा चोथा येत होता म्हणून निमिष चहाच्या गाळणीतून बिअर ओतत होता, प्रत्येकाला थोडी थोडी, प्रसादासारखी. आणि वास? संत्र्याची बाग फुलावी तसा बेसमेंटभर वास सुटला होता. मोरेश्वर दोनदा त्याच्याजवळ गेला. "निमिष, जरा बोलायचं होतं," असं म्हणालासुद्धा.

"थांब दादा, आधी मला बोलू दे." निमिषने ग्लासावर चमचा वाजवला. सगळे त्याच्याकडे वळले. "ही बिअर माझी नाहीये, मोरूदादाची आहे. मी घाबरत होतो. हा म्हणाला, टाक, काय होतंय! तो नसता ना, तर वासही आला नसता आणि आईच्या मनासारखं माझं घरही भरलं नसतं. मला जे येतं ते सगळं यानेच शिकवलंय. चिअर्स, दादा!"

टाळ्या पडल्या. इतकी वर्षं जे ऐकायला त्याचे कान आसुसले होते ते सगळ्यांनी ऐकलं, कोणी पाठ थोपटली, कोणी रेसिपी विचारली. हीच वेळ होती. मोरेश्वरने तोंड उघडलं आणि म्हणाला, "अरे, त्यात काय एवढं."

मग गाळणीखाली ग्लास धरून त्याने तो भरला आणि गर्दीतून वाट काढत शुभाकडे नेला. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ग्लास घेतला, वास घेतला. एक घोट घेतला. मग अजून एक.

"छान झालीय," ती म्हणाली, आणि ग्लास त्याच्या हातात परत दिला.