शंभर ग्रॅमचा तुकडा

सन २०२४, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. वावरांत कापसाचा दुसरा वेचा चालू होता आणि बडनेऱ्यात सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघू लागली होती. त्या आठवड्यात गुरुवारी पंचफुला दुकानाच्या पायरीशी आली. तिने आधी दाऊदकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी चिंचेचा ठोकळा. दाऊदच्या मांसाच्या दुकानात चाळीस वर्षं उभा आहे. शाळा पाहिली नाही. पण सुरा कोणाच्या हातात आहे आणि त्या हाताच्या मनात काय आहे, ते मला पहिल्या घावाला कळतं. जे पाहिलं, ऐकलं, ते सांगतो. लांबण लावत नाही.

त्याआधी मी झाड होतो. बार्शीटाकळीच्या पुढे डोमाजीचं दोन एकर वावर होतं. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझा बुंधा, दोघांच्या कवेत न मावणारा. वेचणाऱ्या बाया माझ्या सावलीत भाकर सोडत. डोमाजीची एकुलती पोर, पंचफुला, माझ्या फांदीला बांधलेल्या झोळीत वाढली. तिने माय पाहिली नाही. तिला जन्म देतानाच माय गेली. अंगात रक्त नव्हतं. "पांढरी फटक पडली होती," एवढंच डोमाजी सांगे. मग माझ्या बुंध्याकडे तोंड करून बिडी ओढे.

त्या झोळीची दोरी जिथे घासली, तिथे माझ्या सालीला वळ पडला होता. आज साल नाही, फांदीही नाही. तरी थंडीच्या दिवसांत तिथे काहीतरी झुलतंय असं वाटतं.

१९८४ च्या वैशाखात वादळाने मला मुळासकट लोळवलं. आठ दिवसांत दाऊद आला. सत्तावीस वर्षांचा, बडनेऱ्यात नवं दुकान टाकलेला, बोलायला कमी. चिंचेचं लाकूड घावाखाली फुटत नाही, त्याचा भुसा मांसात उतरत नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं. त्याने माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि बोटांच्या पेरांनी मला वाजवून पाहिलं.

"डोमाजीभाऊ, बुंधा द्या. पैसे सांगा."

"पैसे नाई पाह्यजेत."

"मंग?"

डोमाजीने सहा वर्षांच्या पंचफुलाला पुढे ओढलं. "हिची माय रगताविना गेली. माह्या घरच्या बाईमाणसाले कधी गरज पडली, तं याच लाकडावर, तुह्या हातानं, चांगला तुकडा कापून देजो. बस."

"जबान दिली."

"जबान राहू दे. याद ठेव."

करवतीने माझा कमरेएवढा तुकडा निघाला आणि ट्रकमधून बडनेऱ्याला आला. पहिले आठ दिवस दाऊदने मला तेल पाजलं. तेव्हापासून रोज दुकान बंद करताना तो मूठभर जाड मीठ माझ्यावर टाकतो आणि काथ्याने घासतो. स्वतःच्या पायाला तेल लावायचं तो विसरेल, मला मीठ लावायचं विसरत नाही.

ते दिवस चांगले होते. स्टेशनात गाडी शिरली की मी पायापासून थरथरे. ड्यूटी संपवून रेल्वेची माणसं डबा घेऊन येत. हिवाळ्यात पहाटेच गर्दी होई. रईसा, दाऊदची बायको, मागच्या दाराने चहा आणी आणि कपबशी माझ्या कडेवर ठेवी. दाऊद ओरडे, "लाकडावर नको!" ती तिथेच ठेवी. ती बशीची गोल खूण खूप वर्षं राहिली. रईसा गेल्यावर एकदा मला रंधा मारला, तेव्हा तीही गेली. त्या दिवशी दाऊद जेवला नाही.

दाऊदची एक रीत आहे. गिऱ्हाईक काय मागतं, ते तो ऐकत नाही. आधी विचारतो, "खाणार कोण?" दात पडलेला म्हातारा असेल तर पाठीचा मऊ तुकडा. तालमीचं पोरगं असेल तर मांडी. पाहुणे असतील तर छाती, चरबीसकट. आणि बाळंतीण, आजारी, अशक्त माणसाला नल्ली, म्हणजे मगजाचं पोकळ हाड. गोवंशबंदीचा कायदा झाल्यापासून दुकानात म्हशीचं आणि रेड्याचंच मांस येतं, पण रीत तीच. वकार नावाचा एक ऑटोवाला आहे. तो चांगल्या तुकड्यासाठी रोज खोटं बोलतो.

"खाणार कोण?"

"पाहुणे आले, दाऊदचाचा."

"रोज? तुह्यं घर हाय का धर्मशाळा बे?"

"आता तुमीच या एक दिवस, मंग खोटं नाई रायनार."

त्या गुरुवारी पंचफुला आली तेव्हाही दाऊदने तेच विचारलं. डोमाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. चाळीस वर्षांत त्याच्या घरून कोणी काही मागायला आलं नव्हतं.

"पौर्णिमा खाईन," पंचफुला म्हणाली. "माही पोरगी. इथंच असते, जवाई सुगत रेल्वेत हाय. मी आता तिच्यापाशीच रायते. चौथा महिना लागला. रगत आठ पॉइंट चार निघालं. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, पण त्यानं तिले मळमळते." मग तिने माझ्यावर हात ठेवला. "बाबा म्हणे, तुमाले याद असंल."

दाऊदने सुरा खाली ठेवला. माझ्या माहितीत गर्दीच्या वेळी पहिल्यांदा.

"याद हाय," तो म्हणाला. "नल्ली ने. चार घंटे शिजव, रस्सा पाज. मी दर दोन दिवसाले काढून ठेवतो. आन गोळ्या राहू दे. गरम पडतेत त्या. माह्या बापानं किती बाळंतिणी नल्लीवर उठवल्या."

मी तेव्हा खूश झालो. चाळीस वर्षं ज्यासाठी उभा होतो, ते काम आलं होतं. दाऊद हाड माझ्यावर ठेवी आणि एका घावात फोडी. तो घाव माझ्या गाभ्यापर्यंत जाई. सुखाचा.

भिंतीवर तेव्हा एक कागद होता. दाऊदची नात गजाला अमरावतीला कॉलेजात आहारशास्त्र शिकते. तिने कॉलेजसाठी मांडीच्या एका तुकड्याचा तक्ता केला होता. त्यात काय काय असतं, किती असतं. त्याची एक प्रत तिने दुकानात खिळ्याने लावली. दाऊद त्या कागदाला "गोश्ताची कुंडली" म्हणे आणि त्याच खिळ्याला कुलपाची चावी अडकवे. चावीमागे अर्धा कागद झाकला जाई.

दोन महिने गेले. जानेवारीतला रविवार, दुकान भरलेलं. पंचफुला कागद घेऊन आली. भांडायला आली नव्हती. ते जास्त वाईट.

"दाऊदभाऊ, साडेसात."

"काय साडेसात?"

"रगत. चढलं नाई, उतरलं. डॉक्टर म्हणते, तीन हप्त्यात फरक नाई पडला तं अमरावतीले भरती करा, रगत चढवा."

दाऊद म्हणाला, "रस्सा पातळ केला असंल."

"चार घंटे शिजवला. तुमी सांगतलं तसाच."

"मंग गोळ्या..."

"गोळ्या तं तुमीच बंद करायले लावल्या, भाऊ."

रांगेतल्या वकारने पुढे केलेली पिशवी मागे घेतली. दाऊदचा घाव माझ्यात तिरपा बसला आणि सुरा अडकला. असं कधी झालं नव्हतं. पंचफुला हलक्या आवाजात म्हणाली, "माह्या मायनं मले पाह्यलं नाई. माह्या पोरीचं तसं नको व्हायले."

सुट्टीला आलेली गजाला मागच्या दारात उभी होती. ती पुढे आली. घरात ती आजोबांना 'दादा' म्हणते आणि त्यांच्याशी आपल्या उर्दू बोलीत बोलते. पंचफुलाला कळावं म्हणून वऱ्हाडीत बोलली.

"दादा, नल्लीत चरबी असते. चव असते, पोट भरते. रगत नाई वाढत त्यानं."

"मंग कशानं वाढते? तू सांग. माह्या बापाले नाई समजलं, तुले समजलं."

"मले नाई. मोजणाऱ्याले समजलं."

तिने चावी काढून माझ्यावर ठेवली आणि तक्ता वाचला. मागच्या मांडीचा तुकडा, म्हशीचा, चरबी काढलेला, शंभर ग्रॅम. प्रोटीन वीस ग्रॅम. चरबी दीड-दोन. लोह, म्हणजे ज्यानं रक्त बनतं ते, दोन मिलिग्रॅमच्या जवळपास. बी-बारा चांगलं. जस्त चांगलं.

"आन पोरीले लागते किती?" दाऊदने विचारलं. "ते लोह."

"दिवसाले सत्तावीस."

दाऊदने कागदावरून बोट फिरवलं. त्याला वाचता येत नाही फारसं. आकडे येतात.

"सत्तावीस. आन यात दोन? बस, दोन?"

"दोनच. पण हे दोन अंगाले लवकर लागते, आन डाळ-भाजीतलं लोहबी सोबत ओढून घेते. बाकीचं गोळीनंच भरते, दादा. गोळी पाह्यजेच."

खरं सांगतो, तो आकडा मलाही लागला. माझ्यावर एवढी जनावरं तुटली. मला वाटे, सगळी ताकद माझ्यावरूनच जगात जाते.

"मंग कलेजी?" वकारने हळूच विचारलं.

"या दिवसांत नको. जास्त झाली तं पोटातल्या लेकराले चालत नाई." मग ती पंचफुलाकडे वळली. "मावशी, पौर्णिमाताई जेवल्यावर चहा घेते का?"

"चहाबिगर तिचं जेवण उतरतच नाई."

"तो बंद. जेवणाच्या आगंमागं घंटाभर नाई. लिंबू पिळा. आन गोळीनं मळमळते हे डॉक्टरले सांगा, ते दुसरी देतीन. पण सोडायची नाई."

दाऊद "चुकलं" म्हणाला नाही. तो तसं म्हणणारा माणूस नाही, मीही नाही. त्याने माझ्यातून सुरा उपटला, धुतला, मांडी समोर घेतली. चरबी काढली, पांढरा पडदा काढला, नुसतं लाल ठेवलं. त्याच्याकडे पाव किलोच्या खालचं वजनच नव्हतं. शेजारच्या किराणा दुकानातून शंभर ग्रॅमचं माप मागून आणलं. तराजूचा काटा थांबेपर्यंत श्वास धरून उभा राहिला. मग त्याचा बारीक खिमा केला. माझ्यावर एवढे हलके घाव कधी पडले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून अकराच्या ठोक्याला शटर अर्धं खाली येऊ लागलं. गिऱ्हाईक ओरडे, दाऊद ऐकत नसे, पिशवी घेऊन पौर्णिमाच्या घरी निघे. मी दुकानाबाहेर जात नाही, पण पंचफुला येऊन सांगे आणि सगळं दुकान हसे. म्हणे, घरात येत नाई, ओट्यावरच बसते. पिशवीत खिमा, लिंबू आन नवीन गोळीची पट्टी. 'नीट शिजव, कच्चं राहू देऊ नको' म्हणते. पोरगी जेवली की हुकूम सोडते, 'गोळी गिळ. माह्यासमोर.'

"आन पोरगी काय म्हणे, माहीत हाय? म्हणे, काका, दवाखान्यातली सिस्टर तुमच्यापेक्षा गरीब हाय. तं दाऊदभाऊ म्हणते कसे, 'तोंड उघड. जिभंखाली तं नाई ठेवली?'"

"ठेवली होती," दाऊद गुरगुरला. "एक दिवस ठेवली होती तिनं."

त्याच आठवड्यात त्याने भिंतीत दुसरा खिळा ठोकला. चावी तिथे गेली. तक्ता उघडा झाला. अशक्त माणसासाठी कोणी नल्ली मागितली की तो आता म्हणतो, "नल्ली चवीसाठी ने. रगतासाठी हा लाल तुकडा. आन डॉक्टरची गोळी सोडू नको." आणि बोटाने कागद दाखवतो, जणू तो त्यानेच लिहिला.

तीन आठवड्यांनी आकडा आला आठ पॉइंट तीन. डॉक्टर म्हणाले, भरतीचं राहू द्या, हेच चालू ठेवा. होळीच्या सुमारास नऊ पॉइंट चार. एप्रिलच्या शेवटी दहा पॉइंट दोन. प्रत्येक आकडा दाऊदने खडूने माझ्या बुंध्यावर लिहिला. मिठाने घासताना त्या बाजूला काथ्या नेला नाही.

मे महिन्यात, सन २०२५, पौर्णिमा मोकळी झाली. मुलगी. बाहेरचं रक्त लागलं नाही. माय-लेकी दोघी ठीक.

माझंही काम आता संपत आलं. दाऊदच्या मुलाने, मोईजने, प्लास्टिकचा पांढरा पाट आणला आहे. धुवायला सोपा. त्याचं बरोबर आहे. माझ्या मधोमध वाटी बसेल एवढा खळगा पडलाय आणि आता रंधा मारायला लाकूड उरलं नाही. मला दाराच्या आत, भिंतीला लावून ठेवलंय. दाऊद दुपारी माझ्यावर बसतो. अजून मीठ लावतो. गरज नाही, तरी लावतो.

मला जाळू नका, असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे, जळायचंच. मागणं एवढंच की नव्या पाटावर कापणाऱ्यानेही आधी विचारावं, खाणार कोण. आणि माहीत नसेल तर जाणत्याला विचारावं.

सव्वा महिन्याने पंचफुला नातीला घेऊन आली. दाऊद माझ्यावरून उठला. तिने बाळाचं दुपटं माझ्या खळग्यावर अंथरलं आणि पोर त्यावर ठेवली, एका हाताने धरून. लाल होती. मुठी वळलेल्या. मी तिच्या आजीला झोळीत झुलवलं होतं, हे तिला कोण सांगणार.

दाऊदने खाली वाकून पोरीकडे पाहिलं.

"पंचफुला," तो म्हणाला, "डोमाजीभाऊचं देणं..."

"फिटलं," ती म्हणाली.