माठ वाढवला

मी एक जुना माठ आहे, मित्रांनो. वर्गात ज्याला काही येत नाही त्याला तुम्ही माठ म्हणता, तरी माझा तुमच्यावर राग नाही. माझा राग एका काचेच्या बरणीवर आहे आणि तो सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

जवळा बाजार या गावच्या एका कुंभारानं मला घडवलं. आठवडी बाजारात मनकर्णाबाईंनी मला बोटानं वाजवून पाहिलं, तेव्हा मी असा खणखणलो की त्यांनी दुसऱ्या माठाकडे बघितलंच नाही. त्यांच्या घरी उन्हातून आलेला माणूस आधी माझ्याकडे वळायचा. पुढे फ्रिज आला. तोवर माझी छिद्रंही बुजली होती, पाणी पूर्वीसारखं गार होईना. मला मोरीजवळ बसवलं आणि वर झाकण म्हणून फुटकी फरशी ठेवली. फ्रिजवर मात्र विणलेला रुमाल! तेव्हापासून मला जळायची सवय लागली.

मग घरात सून आली, प्रतिक्षा. हिंगोलीला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथं तिला स्वतःची आंबील विकायची होती. नेहमीची पांढरी नव्हे, तांबूस. ज्वारीला मोड आणायचे, ती वाळवायची, भाजायची, दळायची आणि मग शिजवून आंबवायची. असलं काही तिनं आजवर केलं नव्हतं. आंबवायला तिनं मला घेतलं आणि मी धन्य झालो.

पहिल्या खेपेला ज्वारी कच्ची राहिली, रंगच आला नाही. दुसऱ्या खेपेला करपली. मनकर्णाबाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, आंबील हाय का काढा?"

प्रतिक्षा रुसली, पण पुन्हा ज्वारी भिजत घातली. या वेळी दाणे विटकरी होताच तिनं तवा उतरवला. रंग लोकांना दिसावा म्हणून नळाची काचेची बरणीही विकत आणली. शिजवलेलं अर्धं पीठ माझ्यात ओतलं, अर्धं तिच्यात.

बरणीतलं काही आंबेना. कोरी करकरीत, वर साबणानं घासलेली. तिच्यात आंबटपणा येणार कुठून? माझ्या अंगात आधीची आंबील मुरलेली होती. सकाळी मी फसफसून वर आलो होतो. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण तो दुपारपर्यंतच टिकला. प्रतिक्षानं माझी आंबील गाळून, गूळ घालून बरणीत भरली आणि बरणी खिडकीत मांडली.

शेजारच्या धुरपताबाई दारातूनच म्हणाल्या, "काय रंग दिसून राहिला बाई! निस्ता मध!"

कौतुक सगळं बरणीचं. आंबायचं मी आणि मिरवायचं तिनं! माझा नुसता जळफळाट झाला.

मनकर्णाबाई दोन पेले प्याल्या. मग माझ्याजवळ आल्या, माझ्या पोटावर बोट वाजवलं आणि म्हणाल्या, "पोरी, आता माठ वाढवा लागते."

मित्रांनो, मी हबकलो. या घरात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मनकर्णाबाईंची बांगडी फुटली, तेव्हाही त्या 'वाढली' म्हणाल्या होत्या. म्हणजे आता मला फोडणार! बरणी आली, तिचं नाव झालं, माझी गरज सरली. ती खिडकीत चमकत होती आणि मी मनातल्या मनात तिला तडा जावा म्हणत होतो.

बाजाराच्या दिवशी दोघींनी मला उचललं. मी दगडाची वाट पाहत राहिलो. पण मला चुलीजवळ सारवलेल्या जागेवर, चुंबळीवर बसवलं. शेजारी एक नवा, लालभडक माठ होता, शिजवलेल्या पिठानं भरलेला. प्रतिक्षानं माझ्या तळाशी उरलेली वाटीभर आंबील त्यात ओतली.

"आत्याबाई, येवढ्यानं आंबन का हे?"

"आंबन की! म्हाताऱ्याचं विरजण हाय. हिंगोलीला एका माठानं भागत न्हाई, म्हून तर म्हनलं, वाढवा लागते."

नवा माठ वाजवला की खणखणतो आणि मला त्याचाही हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण आज सकाळी तो फसफसला, तेव्हा त्याला माझाच वास येत होता.

मित्रांनो, जुन्या भांड्याला जपा. त्याला साबण लावू नका, त्याच्यावर फुटकी फरशी ठेवू नका. आणि त्याच्यासमोर 'वाढव' म्हणायचं झालंच, तर फोडायचं की एकाचे दोन करायचे, ते आधी सांगा.