माझ्या चार डब्यांतले तेल

मित्रांनो, श्रीवर्धनच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर चाके नसलेली एक मोटार विटांवर उभी आहे. तिच्या टपावर कोंबड्या बसतात आणि खिडकीला बांधलेल्या दोरीवर बोंबील वाळत असतात. ती मोटार म्हणजे मी. तुम्ही येता-जाता माझ्यात शिरून भोंगा वाजवायला बघता. भोंगा केव्हाच गेला. पण आठवण शाबूत आहे. आज बसलाच आहात, तर माझी हकीकत ऐका.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. बोटीने मी मुंबईला उतरले आणि तिथून जंजिरा संस्थानातल्या एका अंमलदाराच्या दारी आले. रंग गर्द निळा, बैठक चामड्याची. पण माझा खरा दिमाख कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या जागी होता. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला एक लोखंडी डबी होती, तिच्यात पातळ तेल होते आणि तिच्यातून एक दांडा बाहेर आलेला होता. चाक खड्ड्यात गेले की खालचे स्प्रिंगचे पाटे दबत, दांडा हले, आणि डबीतले तेल एका बारीक भोकातून पलीकडे सरके. तेल घाई करत नसे, म्हणून मलाही उसळता येत नसे. रस्त्याचा दणका त्या तेलातच विरून जाई. या डब्यांना मोटारवाले शॉक म्हणतात. अंमलदारांचा ड्रायव्हर पावसाळा सरला की बूच काढून तेल पाही आणि कमी असले तर मुंबईहून आणलेल्या डब्यातले घाली.

देश स्वतंत्र झाला, मग संस्थानही विलीन झाले. अंमलदार बदलून गेले आणि जाताना मला भिकूला विकून गेले. भिकू कोळ्याचा मुलगा. त्याचे वडील होडीवर जात, पण भिकूचा जीव इंजिनात रमे. दिघीच्या खाडीतल्या लाँचवर तो आधी कामाला होता. मला घरी आणले त्या दिवशी त्याच्या बायकोने, केसरने, माझ्या पुढच्या दिव्यांना हळदकुंकू लावले आणि मागच्या बैठकीवर बसून पाहिले.

"होडीपेक्षा बरी हाय," ती म्हणाली. "पोटात ढवळत न्हाय."

पुढची कित्येक वर्षे मी श्रीवर्धनहून दिघीला उतारू नेले आणि आणले. टपावर केसरच्या सुक्या मासळीच्या पाट्या असत आणि आत लग्नाची वऱ्हाडे. लोक माझे कौतुक करत. भिकूही मला जपे. रोज पाणी बघे, चाकांत हवा भरे, इंजिनाचे तेल बदले. पण त्या चार डब्यांकडे त्याने कधी वाकून पाहिले नाही. इंजिन बिघडले की आवाज करते. चाक पंक्चर झाले की मोटार तिरकी होते. डबीतले तेल मात्र थेंबाथेंबाने गळते आणि कुणाला काही कळत नाही. मी दर वर्षी थोडी अधिक उसळू लागले, आणि भिकूला वाटे, रस्ताच बिघडत चालला आहे.

मग एका वैशाखात दिघी बंदराच्या ओल्या पायऱ्यांवरून केसर पाटीसकट घसरली. पाठीचा मणका दुखावला. सारा पावसाळा ती माणगावच्या दवाखान्यात पडून होती. भाद्रपदात डॉक्टरांनी तिच्या छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून तिला घरी सोडले. हे डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदा येत.

"दर महिन्याला आणून दाखवा," त्यांनी भिकूला बजावले. "मणका जुळतो आहे, पण अजून कच्चा आहे. धक्का बसता कामा नये."

त्या दिवशी माणगावहून श्रीवर्धनला येताना माझी मलाच लाज वाटली. प्रत्येक खड्ड्यानंतर मी चेंडूसारखी उसळत होते. केसरने पदर तोंडात धरला होता. तिची नणंद नीराबाई तिला दोन्ही हातांनी दाबून धरून बसली होती. घरी पोचल्यावर भिकू माझ्याखाली शिरला आणि पहिल्यांदाच त्याने त्या डब्यांची बुचे काढली. तीन डब्या कोरड्या होत्या. चौथीच्या तळाशी काळा गाळ होता.

त्याने माणगावच्या गॅरेजात शॉकचे तेल मागितले. तिथे नव्हते. मुंबईहून मागवावे लागणार होते आणि कधी येईल याचा भरवसा नव्हता. केसरला दाखवायची तारीख तर जवळ आली होती. भिकूने बराच विचार केला. घरामागे माड होते आणि फडताळात खोबरेलाच्या बरण्या होत्या. खोबरेल पातळ, स्वच्छ, लोखंडाला न खाणारे.

आश्विनातल्या कडक उन्हात त्याने अंगणात चटई अंथरली. मला ओंडक्यांवर उचलून धरले आणि चारही डब्या पान्याने सोडवून आणल्या. केसरची बाज पडवीत होती. ती कुशीवर वळून सारे पाहत होती. भिकूने एकेक डबी उलटी धरून दांडा वरखाली केला, तेव्हा चौथीतला गाळ भळभळ बाहेर आला. मग डब्या घासलेटने धुतल्या. वाळूचा एक कणही आत जाऊ नये म्हणून खोबरेल धुतलेल्या फडक्यातून गाळून घेतले. डबी सरळ उभी धरून तो बारीक धार सोडी, दांडा हलवी, आतली हवा बुडबुड करत वर येई, आणि मग पुन्हा धार.

"पुरं भरा की काठोकाठ," केसर म्हणाली.

"न्हाय. वर जराशी जागा ठेवावी लागते. तेलाला हलायला नको?"

"आनि हे खोबरेल चालेल?"

"तेल ते तेल," भिकू म्हणाला.

मित्रांनो, इतक्या मायेने माझे काम कुणी कधीच केले नव्हते. पुढच्या खेपेला मी माणगावचा रस्ता असा कापला, की केसरला म्हसळ्याच्या पुढे झोप लागली. त्यानंतरच्या दोन खेपाही तशाच गेल्या. डॉक्टर खूश होते. मणका जुळत होता. दोन्ही पायांत जोर येत होता. माघात प्लास्टर काढू, असे ते म्हणाले.

मधल्या काळात मुंबईहून तेलाचा डबा आला. भिकूने तो फडताळात ठेवून दिला. मासळीचे दिवस होते आणि मला रोज दिघीच्या फेऱ्या होत्या.

"ते तेल घालायचं हुतं ना?" केसरने एकदा विचारले.

"चाललंय ते काय वाईट हाय? सवड झाली की घालतो."

डबा फडताळातच राहिला.

पौषाच्या खेपेला डॉक्टरांचा निरोप आला, की ते या वेळी सकाळीच तपासून मुंबईला परतणार आहेत. एरवी आम्ही ऊन चढल्यावर निघत असू. त्या दिवशी झुंजूमुंजू असतानाच निघालो. थंडी अशी होती, की नीराबाईने केसरवर दोन गोधड्या घातल्या. गाव सुटेस्तोवर रस्ता बरा होता. पहिल्या चढावर चाक एका चरात गेले आणि मला कळले, की माझे दांडे हलत नाहीत. चारही डब्यांत जणू मेण भरले होते. पाटे दबेनात. प्रत्येक दगड चाकातून सरळ बैठकीत येत होता, आणि बैठकीतून केसरच्या पाठीत.

मला बोलता येत असते, तर मी ओरडले असते.

भिकूला वाटले, चाकांत हवा जास्त झाली. त्याने उतरून थोडी सोडली आणि पुन्हा निघाला. म्हसळा मागे टाकले तसा डोंगर आला, गारठा आणखी वाढला. भिकू दर वळणावर विचारी, "बरी हायस ना?" आणि केसर म्हणे, "व्हय." तिचा आवाज बारीक होत होता. त्याला तो घरघरीत नीट ऐकूही येत नव्हता. उशीर होईल म्हणून तो वेग वाढवत होता.

एका ओढ्याच्या उतारावर मी जोरात आदळले. नीराबाई ओरडली, "भिकू, थांब."

तो थांबला. मागे वळला. केसर छताकडे बघत होती.

"डावा पाय लागत न्हाय मला," ती म्हणाली. "हाय का न्हाय तेच कळत न्हाय."

नीराबाईने घाईघाईने तिचे पाऊल हातात घेतले. ते गार पडले होते. चोळायला म्हणून तिने पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली आणि तळहातावर उपडी केली. काहीच पडले नाही. बाटलीतले तेल पांढरे, घट्ट गोठले होते.

"थिजलंय," ती म्हणाली. "उन्हात धराया पायजे."

भिकू त्या बाटलीकडे पाहतच राहिला. मग तो खाली बसला आणि माझ्या पुढच्या डबीला हात लावला. दांडा धरून ओढला. तो हलला नाही. भिकू तिथेच, रस्त्यावर, कपाळ माझ्या मडगार्डला टेकून क्षणभर बसून राहिला.

"मीच केलं हे," तो म्हणाला.

"मग कर काय तरी," नीराबाई म्हणाली.

ओढ्यापलीकडे एक झोपडी होती. बाहेर चुलीवर हंडा होता. झोपडीतली बाई, रंगू, आंघोळीचे पाणी तापवत होती. भिकू धावत गेला आणि काय झाले ते सांगू लागला. तिला मोटारीतले काही कळत नव्हते. तिने गाडीत आडव्या पडलेल्या बाईकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "पानी कुठं वतायचं?" हंडा दोघांनी मिळून आणला. भिकूने बुचे घट्ट असल्याची खात्री केली आणि तांब्या तांब्याने कढत पाणी डब्यांवर सोडले. माझ्या अंगातून वाफ निघाली. हळूहळू आतले मेण सैल झाले. भिकूने मडगार्ड दाबून पाहिले, तसे दांडे हलू लागले. तोवर डोंगरामागून ऊन आले होते. रंगूने राहिलेले पाणी पितळी कळशीत भरून सोबत दिले आणि म्हणाली, "कळशी परतताना द्या."

त्या पुढचा रस्ता मी जिवाच्या कराराने सांभाळून काढला. डॉक्टर निघायच्या बेतात होते. त्यांनी केसरला तपासले, पायाला टाचणी टोचून पाहिली आणि तिला दवाखान्यातच ठेवून घेतले.

"आज बसलेल्या धक्क्यांनी झालं का हे?" भिकूने विचारले.

डॉक्टरांनी टाचणी परत ठेवली. "आधीच्या पडण्याचंही असेल. नक्की सांगता यायचं नाही," ते म्हणाले.

भिकूला शिक्षा झाली असती, तर ती कधीतरी संपली असती. या उत्तराला शेवट नव्हता. परतताना त्याने कळशी रंगूच्या दारात ठेवली आणि एकटाच मला घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी फडताळातला डबा काढून त्याने चारही डब्यांतले तेल बदलले. हात तेच होते, काळजीही तीच. फक्त पडवीतली बाज रिकामी होती.

केसर शिमग्यानंतर घरी आली, काठी टेकत. उजवा पाय चांगला झाला होता. डावा ओढावा लागे आणि त्याच्या पावलाला स्पर्श कळत नसे.

भिकूने मला विकायचे ठरवले. गिऱ्हाईकही आणले. केसर काठी घेऊन माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"इकायची न्हाय," ती म्हणाली. "हिनं काय केलं? हिला जे घातलं ते हिनं घेतलं."

गिऱ्हाईक गेल्यावर भिकू पायरीवर बसला. तो प्रश्न त्याने किती दिवस आवरून धरला होता, कोण जाणे.

"त्या दिशी तू बोलली का न्हायस? मी परत परत इचारत हुतो."

"बोलले असते तर तुमी थांबला असता. थांबला असता तर डाक्टर गेले असते," केसर म्हणाली. "आनि मला वाटलं, तुमाला गाडीचं कळतंय."

ती त्याच्याजवळ बसली नाही, पण निघूनही गेली नाही.

त्यानंतर दर महिन्याला ती अंगणात स्टुलावर बसे आणि तिच्यासमोर भिकू माझी चारही बुचे उघडी. तो म्हणे, "बघ." ती म्हणे, "व्हय." मग बुचे बंद होत.

पुढे रस्ते सुधारले, एस. टी. आली, माझे उतारू गेले. चाके विकली गेली आणि मी विटांवर आले. त्याचे मला दुःख नाही. कामाला आलेल्या वस्तूला एक दिवस थांबावेच लागते. पण मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, होडीचे इंजिन असेल, तर ते कुरकुरायची वाट पाहू नका. चालले आहे म्हणजे ठीक आहे, असे समजू नका. आणि घरात कुणी दुखणाईत माणूस "बरी आहे" म्हणाले, तर घटकाभर गाडी थांबवा आणि मागे वळून त्याच्या तोंडाकडे बघा.

संध्याकाळी दोघे अजून किनाऱ्याकडे जातात, माझ्यासमोरूनच. वाळूत केसरच्या डाव्या पायातली चप्पल निसटते आणि तिला ते समजत नाही. ती तशीच पुढे जाते. भिकू मागे फिरतो, चप्पल उचलतो, तिच्यापुढे खाली बसतो आणि तिच्या पावलात घालतो. ती त्याच्या खांद्याचा आधार घेते.