टाकी नंबर एक आणि सासूबाई

या, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढं यावं, लाजू नये. आजची गोष्ट सांडपाण्याची आहे. पण नाकाला रुमाल लावायचं कारण नाही, गोष्टीला वास येत नसतो. आणि देवाच्या कारखान्यात कोण कुठं राबतंय, हे कळायला याहून चांगली जागा नाही.

एका गावाचं मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र होतं. सगळे त्याला नुसतं प्लांट म्हणायचे. तिथं दोन भल्यामोठ्या टाक्या. तळातून हवा सोडायची, पाणी खळखळ उकळल्यासारखं व्हायचं, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव गावाची घाण खाऊन पाणी निवळ करायचे. ना पगार, ना रजा, ना कुरकुर. पाणी पुढच्या हौदात जाऊन थांबलं की हे जीव तपकिरी गाळ होऊन तळाशी बसायचे. मग एका उघड्या पाटातून त्यांना परत टाकीत आणायचं, की पुन्हा कामाला हजर! प्रत्येक टाकीचा पाट वेगळा. पहिल्या टाकीचा पाट नेमका प्लांट सांभाळणाऱ्या साहेबांच्या क्वार्टरच्या मागून, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जायचा.

दुसऱ्या टाकीचे हवेचे पाइप पार कुजले होते. सोमवारी ती उपसून दुरुस्ती सुरू व्हायची होती. क्रेन ठरली होती, वेल्डर ठरला होता. ती होईपर्यंत अख्ख्या गावाचा भार पहिलीनं एकटीनं उचलायचा. आणि त्याच आठवड्यात पहिलीनं अंथरूण धरलं! पाणी गढूळ, वर पांढरट फेस.

प्लांटच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं.

"साहेब, कुणीतरी विष सोडतंय. निम्मे गेले. उरलेत ते तोंड मिटून बसलेत."

"कोण सोडतंय?"

"ते तुम्ही शोधा. मी फक्त वाईट बातमी देते."

साहेबांनी हिशेब मांडला. अशात दुसरी टाकी उघडली, तर गावाची घाण जशीच्या तशी नदीत जाणार, आणि नदीच्या खालच्या अंगाला माणसं तेच पाणी पितात. दुरुस्ती पुढं ढकलावी, तर क्रेन पुन्हा वर्षभर मिळणार नाही आणि पाइप काही तेवढे टिकणार नाहीत. सोमवारच्या आत पहिली टाकी उठून बसायलाच हवी होती.

घरीही मोकळेपणानं सुस्कारा सोडायची सोय नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाई राहायला आल्या होत्या. इतकी वर्षं त्या 'जावई घाणीत काम करतो' म्हणून फिरकल्या नव्हत्या. बायकोनं साहेबांना आधीच बजावलं होतं, "अहो, आईसमोर गाळ, मैला, टाकी, काही काही बोलायचं नाही. ती उठून जाईल."

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी खिडकीतून बोट दाखवून विचारलं होतं, "जावईबापू, तो मागचा तपकिरी पाट कसला हो?"

साहेबांनी तोंड उघडलं. बायकोनं डोळे वटारले.

"काही नाही आई, असंच आपलं," साहेब म्हणाले, आणि भाजीत डोकं घातलं.

मग निघाली शोधमोहीम. साहेब आणि केमिस्टबाई बाटल्यांची पेटी घेऊन रस्त्यारस्त्यानं गटारांची झाकणं उघडत, नमुने भरत फिरले. लाँड्रीवाल्याच्या दारात थांबले, तसा तो इस्त्री आपटून बाहेर आला.

"माझ्या साबणावर संशय? अहो, एवढ्या साबणानं माझी गिऱ्हाइकं खूश होत नाहीत, तुमचे किडे काय मरणार!"

रंगारी रुसला. दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्वतः बाटली भरून दिली, वर म्हणाले, "रिपोर्ट मलाही दाखवा, उत्सुकता आहे." साहेबांनी संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाशी वाकडं घेतलं. नमुने तपासले, तर सगळे निर्दोष. प्लांटच्या दारात येणारं पाणीसुद्धा जितकं घाण असायला हवं तितकंच घाण!

केमिस्टबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "साहेब, बाहेरचे सुटले. विष कुंपणाच्या आत आहे. आणि ते फक्त पहिलीच्याच वाटेवर आहे, दुसरीतले जीव ठणठणीत आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पहिलीच्या पाटाच्या कडेकडेनं चालत निघाले. क्वार्टरच्या मागं येताच साहेबांच्या नाकात पोहण्याच्या तलावासारखा वास शिरला. आणि समोर पाहतात तर काय! सासूबाई पदर खोचून उभ्या. शेजारी निळा कॅन. हातात मग. ओठांवर देवाचं नाव, आणि प्रत्येक नावाला एक मग पाटात!

"आई!"

"या जावईबापू! बघा, कसा उजळत चाललाय. आल्या दिवसापासून ओततेय. इतकी वर्षं इथं राहताय, पण हा पाट धुवावा असं कुणाला सुचलं नाही!"

कॅनवर प्लांटचाच शिक्का होता. शेवटच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर घालायचं जंतुनाशक. साहेबांनी स्टोअरकीपरला हाक मारली.

"मी दिलं," तो शांतपणे म्हणाला. "साहेबांच्या सासूबाईंनी मागितलं. त्यांना नाही म्हणून मी कुठं जाऊ?"

साहेबांना ओरडायचं होतं. पण खिडकीत बायको डोळे वटारून उभी होती. शेवटी केमिस्टबाईच बोलल्या, "आजी, हा पाट म्हणजे गटार नाही. आमचे कामगार इथून कामावर येतात. तुम्ही त्यांना मारलंत."

सासूबाईंच्या हातातला मग खाली आला. "कुठले कामगार? मला तर कुणी दिसलं नाही."

त्यांना प्रयोगशाळेत नेलं, मागोमाग बायकोही आली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर आधी स्वतःचीच पापणी दिसली. "हा तर केस आहे!" मग नीट दिसलं. देठावर उभी इवली घंटेसारखी माणसं, तोंडं मिटलेली, मान टाकलेली. केमिस्टबाईंनी काच बदलून दुसऱ्या टाकीचा थेंब ठेवला. तिथं तीच मंडळी तोंडं उघडत होती, मिटत होती, भजनात डोलावं तशी डोलत होती.

सासूबाई बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग पदरानं डोळे टिपून वळल्या, त्या थेट जावयावर.

"पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं? 'असंच आपलं' म्हणे! एवढी लेकरं पदरी आणि सासूशी ओळख करून दिली नाहीत?"

साहेबांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं छताकडं पाहिलं.

"चुकलं आई," साहेब म्हणाले. आणि बोलायची परवानगी एकदाची मिळाल्यावर ते जे सुटले! दुसरी टाकी उपसून गाळ बाहेर टाकायचा बेत होता. आता तो टाकायचा नाही. पंप लावून ती जिवंत मंडळी पहिलीत न्यायची. हवा वाढवायची. आणि कृपा करून, आई, पाटात काही ओतायचं नाही.

"ओतू देते कुणाला!" सासूबाई म्हणाल्या.

रविवार संपेपर्यंत त्या पाटाशी खुर्ची टाकून बसल्या. स्टोअरकीपर हात धुवायला आला, त्यालाही त्यांनी हाकललं. नळी जरा घसरली की फिटरला हाक, "अरे, सांभाळून! धक्का बसतो त्यांना!" केमिस्टबाईंना दर थोड्या वेळानं एकच प्रश्न, "काही खाल्लं का त्यांनी?"

सोमवारी क्रेन फाटकाशी उभी राहिली. साहेबांनी पहिलीचं पाणी उंच काचपात्रात भरलं. सगळे भोवती जमले. गाळ हळूहळू खाली बसला, आणि वर पाणी राहिलं, आरपार दिसेल असं.

"घ्या आत!" साहेबांनी क्रेनला हात केला.

दुसरी टाकी उघडली, कुजके पाइप एकेक करून वर आले. सासूबाईंनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्या पहिलीच्या कठड्याशी हात जोडून उभ्या होत्या आणि पुटपुटत होत्या, "माफ करा रे बाबांनो. धुवायच्या नादात चुकले."

तर मंडळी, उद्या घरी मोरी घासताना हातात बाटली घ्याल, सढळपणे ओतायला जाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि कठड्याशी हात जोडून उभ्या असलेल्या त्या म्हातारीची आठवण करा.