विहिरीचा दोर मैदानावर

या मित्रांनो, जवळ बसा. इथं वेटोळं घालून पडलेला मी दोर फार म्हातारा आहे. देवनहळ्ळीच्या एका शेतात अंबाडीच्या वाखाचे तीन पेड पिळून मला वळलं. विहिरीत उतरायचं आणि भरलेली घागर घेऊन वर यायचं, एवढंच माझं काम. छोटी वसुमती काठावर उभी राहून आजोबांना म्हणायची, "आज मी ओढते, अज्जा." निम्मं पाणी तिच्याच अंगावर सांडायचं.

पुढं शेताचे प्लॉट पडले, विहीर बुजली. तिचा भाऊ त्रिविक्रम मला टाकायला निघाला, तेव्हा वसुमतीनं मला उचलून गाडीत घातलं. ती आता विद्यापीठात शिकवते. तिथल्या कर्मचारी दिनाला रस्सीखेचीसाठी दोर हवा होता.

तो दिवस पाहून मी थक्कच झालो. ज्यांच्यापुढं मुलं चळचळा कापतात ते प्राध्यापक पोत्यात पाय घालून उड्या मारत होते. हिशेब विभागातल्या बायका तोंडात चमचा धरून लिंबू सांभाळत होत्या. मग शिक्षक माझ्या एका टोकाला लागले, कार्यालयातले दुसऱ्या. सगळ्यांनी जीव खाऊन ओढलं. वर काहीच आलं नाही, तरी सगळे हसत होते. जन्मभर पाणी काढलं, पण असं काही मी कधी वर आणलं नव्हतं.

दरवर्षी मला मान मिळू लागला. यंदा मात्र नायलॉनचा नवा दोर आला. "जुना कच्चा निघाला तर भंगारात," क्रीडा विभागाचा मंजुनाथ म्हणाला. माझा मध्य झिजला होता. वसुमतीला ते ठाऊक होतं. तिनं नेमकं तिथंच खुणेचं तांबडं फडकं बांधलं, नेहमीपेक्षा रुंद. मंजुनाथनं माझी टोकं ताणून पाहिली आणि यंदाही मीच चालेन म्हणून मान डोलावली.

शेवटच्या सामन्यात तिच्या समोर कार्यालयाचा महांतेश उभा होता, बेळगावचा.

"अक्का, दोर तुमच्या माहेरचा, म्हणून तुमच्याकडंच येणार होय?"

"तू आधी पोट आवर, मग दोर ओढ."

शिट्टी झाली. थोड्याच वेळात फडक्याखाली माझा एक पेड तटकन तुटला. तो आवाज वसुमतीला कळला. गप्प राहिली असती तर मी मधोमध तुटलो असतो आणि दोन्हीकडची माणसं पाठीवर आपटली असती. बोलली तर मी भंगारात.

"थांबा," ती ओरडली. "दोर तुटतोय. हात एकदम सोडू नका. घागर उतरवतात तसं, स्वल्प स्वल्प ढिला करत पुढं या."

एवढी माणसं, पण कुणी हिसका दिला नाही. दोन्ही रांगा पाऊल पाऊल एकमेकींकडं सरकल्या आणि माझ्या मध्याशी येऊन मिळाल्या. मला ओढणारे सगळे हात एका जागी आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

वसुमतीनं फडकं सोडलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "टाकून देतील म्हणून मीच झाकलं."

महांतेश माझ्या तुटक्या पेडाकडं बघत राहिला. "सांगायचं की, अक्का. याला बाजूला बसवून नायलॉनवर हरवलं असतं तुम्हाला."

आधी मंजुनाथ हसला, मग सगळेच. सामना नव्या दोरावर झाला आणि शिक्षक हरले. वसुमती खेळली नाही. मला मांडीवर घेऊन बघत बसली.

आता मी तिच्या घरी असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया असेल तर तिची झीज झाकू नका. वेळेवर तिला विसावा द्या. माझे दोन पेड अजून शाबूत आहेत. हात फिरवून बघा. ओढू मात्र नका.