काळ्या शिंपल्यांचा दाखला

सकाळी अकराला कचेरीत साहेबांनी तिच्यापुढे कागद सरकवला. 'विषाची चाचणी निर्दोष. खाडीतले सर्व शिंपले खाण्यास योग्य.' खाली तपासनीस म्हणून तिच्या सहीची जागा मोकळी होती.

"सर्व?" तिने विचारलं. "मी फक्त काळे शिंपले तपासलेत."

"नेहमी तेच तर तपासतो. शिंपला तो शिंपला, बाई. करा सही. बंदी घातल्यापासून तीन आठवडे लोक माझं डोकं खातायत."

त्या लोकांपैकी एक बाकावरच बसला होता. तिचा सख्खा मोठा भाऊ. ओहोटीला वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे वाळूतले छोटे शिंपले, काढायच्या, हेच त्याचं पोट.

तिचं डोकं तडकलं, पण आवाज चढला नाही. "साहेब, विषारी शेवाळ आलं की काळे शिंपले ते सगळ्यांच्या आधी पोटात घेतात. म्हणून बंदी घालताना त्यांना तपासायचं. पण ते मोकळेही सगळ्यांच्या आधी होतात, दोन-तीन आठवड्यांत. खडकावरची कालवं मुळात घेतात कमी. आणि तिसऱ्या? त्या तेच विष महिनोन् महिने धरून बसतात. काळ्यांचा दाखला तिसऱ्यांना कसा चालेल? शेजाऱ्याचा ताप उतरला म्हणून मी अंथरुणातून उठू?"

"झालं!" भाऊ उसळला. "हिला शिकवली कशाला, तर आमची चूल विझवायला! अगं, मागच्या वर्षीही काळे मोकळे झाले आणि बंदी उठली. सही तुझीच होती ना? दुसऱ्याच दिवशी उतरलो आम्ही वाळूत."

ती थबकली. "तिसऱ्या घरी खाल्ल्यात?"

"मग काय, बघत बसलो? तुझ्या वहिनीचे ओठ दिवसभर बधिर होते, बोटांना मुंग्या. दाढेचं असेल म्हणून दाढ उपटून आणली. डॉक्टर म्हणाला, चांगली होती."

साहेब हसले. तिला हसू आलं नाही; बधिर ओठ, बोटांना मुंग्या, ही त्याच विषाची लक्षणं. साहेबांचा राग आला, त्या आंधळ्या नियमाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. हे सगळं तिला कॉलेजपासून पाठ होतं. तरी मागच्या वर्षी 'सर्व' हा शब्द वाचून तिने मुकाट्याने सही ठोकली होती.

तिने पेन उचललं, 'सर्व' खोडलं, वर लिहिलं, 'फक्त काळे शिंपले. तिसऱ्या व कालवं यांच्यावरची बंदी कायम.' आणि सही केली.

"तिसऱ्या तपासायची नियमात सोयच नाही," साहेब चिडले. "बंदी उठणार कधी मग?"

"तपासल्यावर. आजपासून तपासणार. नियम तुम्ही नंतर लिहा." ती भावाकडे वळली. "दादा, ओहोटी लागली की बादलीभर काढून आण. खायला नाही, विकायला नाही. मला."

"आणि निघालं विष, तर?"

"तर पुढच्या आठवड्यात परत आण. मोकळ्या होईपर्यंत आणत राहा."



"तुझ्या वहिनीला काय सांगू?"

"सांग, दाढ माझ्यामुळे गेली."

"तूच येऊन सांग," तो म्हणाला आणि बादली शोधायला उठला.