सृष्टीच्या कार्डावरचे तीन ठिपके

भाजीबाजारात माझ्या काट्यावर कुणी संशय घेतलेला मला खपायचा नाही. गंगापूर रोडच्या बायका गवारीच्या चार शेंगा वर मागायच्या, त्या मी घालायचे; पण माप कमी दिलंस असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. अशी मी, सुवर्णा, आणि मापात फसवलं कुणाला, तर पोटच्या पोरीला.

सृष्टी शहाण्णवच्या आषाढात झाली. मान लुळी, डोळे तिरपे, जीभ सारखी बाहेर. डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोम असल्याचं सांगितलं, हृदयाला छिद्र आहे, पुढे मुंबईला ऑपरेशन लागेल हेही सांगितलं, आणि वजनाचे ठिपके मांडायचं एक वेगळं कार्ड दिलं. "या मुलांची वाढ सावकाश होते. तिची तुलना तिच्यासारख्यांशीच करायची. दर महिन्याला वजन करू, त्यावरून पुढचं ठरवू." मी मान हलवली. माझं सगळं लक्ष त्या कार्डाकडे होतं. बाकीच्या बायकांच्या हातात गुलाबी कार्डं, आमचं काळंपांढरं, झेरॉक्स काढलेलं.

चौथ्या महिन्यात वजन भरलं चार किलो दोनशे. दवाखान्यातली आया कलाबाई आकडा मोठ्यानं सांगायची आणि बाकावरच्या साऱ्याजणी ऐकायच्या. एकीनं विचारलं, "महिन्याची झाली का हो?" माझ्या तोंडून खरं निघेना. हो म्हणाले. घरी सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, वेगळंच लावून धरलं होतं. "तुझ्या दुधातच दम नाय. या वयात तुझा नवरा, माझा जीवन, उचलवत नव्हता."

पुढच्या खेपेला मी बाजारातलं शंभर ग्रॅमचं वजन चिंधीत गुंडाळलं आणि सृष्टीच्या स्वेटरच्या आत, पाठीशी खोचलं. कलाबाई म्हणाली स्वेटर काढा, मी म्हणाले सर्दी झालीय. "चार चारशे!" ती ओरडली आणि मी बाकावरून ताठ मानेनं चालत गेले. तेव्हा लाज वाटली नाही, उलट खूश झाले, हे सांगताना आज कान तापतात.

एकदा चढवलेला आकडा खाली कसा आणायचा? पुढच्या महिन्यात दोनशेचं खोचलं, त्याच्या पुढच्या महिन्यात पाचशेचं. कार्डावर तीन ठिपके वर वर चढत गेले.

तिसऱ्या वेळी डॉक्टर हसले. "छान! छिद्र असूनही वजन वाढतंय म्हणजे हृदयाला झेपतंय. मुंबईचं ऑपरेशन वर्षभर लांबवू." सृष्टी माझ्या मांडीवर होती आणि पाठीवरचं लोखंड माझ्या तळहाताला लागत होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर सात बायका होत्या. मी थँक्यू म्हणून उठले.

संध्याकाळी तिला पाजायला घेतलं. दोन घोट घेऊन ती थांबली. कपाळावर घाम, बरगड्या खालीवर. दोन महिने असंच चाललं होतं आणि भर थंडीत मी त्याला उकाडा म्हणत होते.

"लय दमतीय का गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

मला रडू फुटलं. वजनं काढून त्यांच्यापुढे मांडली आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता त्या माझा उद्धार करतील. त्यांनी पदर तोंडाला लावला. "मीच बोलले ना दुधाचं," त्या म्हणाल्या. "उद्या जाऊ. मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी मी सृष्टीचं स्वेटर काढलं, लंगोट काढला, पायातले वाळे आणि कमरेचा काळा गोफही काढला. पाचशेचं वजन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "हे पण तोललं होतं, साहेब. तिच्याबरोबर."

त्यांनी आधी लोखंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती महिने?"

"तीन."

"मग खरी वजनं आता कुठून आणायची?"

"मला पाठ आहेत. चार तीनशे, चार तीनशे, चार दोनशे पन्नास."

"तुम्हाला कशी माहीत?"

"इथं यायच्या आदल्या दिवशी घरच्या काट्यावर तोलायचे. किती खोचायचं, ते कळायला."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तीन ठिपके खोडले आणि खाली तीन नवे दिले. रेघ आडवी पडली आणि शेवटी खाली झुकली. त्यांनी फोन ओढला आणि मुंबईचा नंबर फिरवला. कलाबाईनं त्या दिवशीचा आकडा ओरडून सांगितला नाही.

दहा दिवसांत ऑपरेशन झालं. सृष्टी वाचली.

आता ती अकरा वर्षांची आहे. आता वजन भराभर वाढतं म्हणून लक्ष ठेवावं लागतं, तेव्हा दर तीन महिन्यांनी आम्ही त्याच दवाखान्यात जातो. काट्यावर चढायच्या आधी ती आपणहून चपला काढते, बांगड्या काढते, केसांतली पिनसुद्धा काढते. मग दोन्ही मुठी माझ्यापुढे उघडते आणि दाखवते, रिकाम्या आहेत. इतकी वर्षं प्रत्येक वेळी मीच तिला चाचपत आले, त्यातून शिकली असणार. तिला तो खेळ वाटतो. ती खदखदून हसते, आणि बाकावरच्या बायकाही हसतात. मला मात्र तिच्या त्या उघड्या हातांकडे बघवत नाही.